चालणें, वळणें आणि थांबणें : जीपगाडीच्या सुधारणेचा इतिहास

घाटाच्या तोंडाशीं आला म्हणजे जुना गाडीवान क्षणभर थांबत असे. आंसाच्या टोकाची खीळ तो हातानें हालवून पाही, वंगण आटलें नाहीं ना याची खात्री करी, बैलांच्या मानेवरचें जूं सारखें करी, आणि उतारावर गाडी कशी आवरावयाची हें मनाशीं ठरवूनच पुढें पाऊल टाकी. यंत्रशास्त्र हें नांवहि त्याच्या कानावर आलेलें नसे. पण त्या शास्त्रांतील तीन मूळ प्रश्न त्याला ठाऊक होते. ओझें कोण पेलणार, गाडी वळणार कशी, आणि ती थांबणार कशी?

मोटारगाडीचें इंजिन आलें आणि लोकांचें लक्ष ह्या तीन प्रश्नांवरून उडून चौथ्यावर गेलें : ती धांवणार किती? इंजिनाच्या अश्वशक्तीची चर्चा सर्वत्र होते. आंस, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचीं नांवें सहसा अपघातानंतरच ऐकूं येतात. आज जुनी जीपगाडी मिळवून ती पुन्हां चालती करण्याची हौस पुष्कळांना आहे. गाडी हातीं आली कीं तिला अधिक बळाचें इंजिन बसवावें, मोठे टायर घालावे, असा मोह होतो. त्या बळाला आवरणारे भाग मात्र ऐंशी वर्षांपूर्वींच्या मापाचेच राहतात. ही सुधारणा आहे कीं संकटाला आमंत्रण आहे, याचा निवाडा करण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. जीपच्या स्वतःच्या इतिहासांतच त्याचें उत्तर लिहिलेलें आहे.

रस्ता सोडून चिखलांतून, वाळूंतून आणि दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाडीची पहिली गरज अशी कीं तिच्या चारहि चाकांना इंजिनाची गति मिळाली पाहिजे. मागचीं चाकें फिरविणें सोपें, कारण तीं वळत नाहींत. पुढच्या चाकांनीं मात्र फिरावयाचेंहि असतें आणि वळावयाचेंहि असतें. घोड्याच्या गाडीचा सबंध पुढचा आंस मधल्या एका खिळ्यावर फिरत असे, त्यामुळें तीव्र वळणावर ती कलंडण्याची भीति राही. १८१७ सालीं म्युनिक येथील गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यानें आंस स्थिर ठेवून फक्त टोकांचीं चाकें आपापल्या खुंटीवर वळविण्याची युक्ति काढली. लंडनमधील त्याचा प्रतिनिधि रुडोल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. आणि नांव राहिलें तें प्रतिनिधीचें, कारागिराचें नव्हे. वळतांना आंतलें चाक बाहेरच्या चाकापेक्षां थोडें अधिक वळलें पाहिजे, हें त्या युक्तीचें सार आजच्या मोटारींतहि कायम आहे.

वळणाऱ्या चाकाला गति पोंचविण्याचा प्रश्न त्याहून कठीण होता. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत क्लिंटनव्हिल नांवाचें एक गांव आहे. तेथील ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिख ह्या दोघां मेव्हण्यांनीं १९०८ सालीं त्यासाठीं एक रचना सिद्ध करून तिचें पेटंट मिळविलें. १९१३ मध्यें त्याच संस्थानांतील जेफरी कंपनीनें 'क्वाड' नांवाचा ट्रक काढला. त्याच्या चारहि चाकांना गति होती, चारहि चाकें वळत होतीं आणि चारहि चाकांना ब्रेक होते. ज्या काळीं सामान्य मोटारीला केवळ मागच्याच चाकांवर ब्रेक असे, त्या काळची ही गोष्ट आहे. चालणें, वळणें आणि थांबणें यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हें कांहीं कारागिरांना इतक्या लवकर उमगलें होतें.

तरीहि सांध्याची अडचण सुटली नव्हती. दोन दांडे कोनांत जोडणारा जो साधा सांधा सतराव्या शतकांतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नांवानें ओळखला जातो, तो वांकलेल्या स्थितींत गति एकसारखी देत नाहीं. एका फेऱ्यांत चाक दोनदां पुढें रेटलें जातें आणि दोनदां मागें रेंगाळतें. वळण जितकें तीव्र तितका हा हिसका मोठा, आणि तो चालकाच्या हातांतील चक्रापर्यंत पोंचतो. १९२० नंतरच्या दशकांत ह्यावर निरनिराळे उपाय निघाले. फ्रान्समध्यें ग्रेग्वार आणि फेनाय यांनीं 'त्राक्ता' सांधा केला. अमेरिकेंत आल्फ्रेड झेपा यानें पोलादी गोळ्या बसविलेला सांधा तयार केला. ह्या सांध्यांतून गति एकसारखी जात असे. त्याच सुमारास ब्रेकचेंहि रूप पालटलें. दांडे आणि तारा यांनीं ओढले जाणारे ब्रेक चारहि चाकांवर सारखे बसत नसत. माल्कम लॉकहीड यानें तेलाच्या दाबावर चालणारी पद्धति सिद्ध केली. बंद नळींतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हें तिचें मूळ तत्त्व. १९२१ मध्यें ड्यूझेनबर्ग ह्या महागड्या मोटारींत आणि १९२४ मध्यें सामान्यांच्या आवांक्यांतील क्रायस्लर मोटारींत ही पद्धति आली. जीपला लागणारे तिन्ही अवयव असे निरनिराळ्या हातांनीं घडले होते. ते एका लहान गाडींत एकत्र करण्याचें काम तेवढें उरलें होतें.

तें काम युद्धानें करविलें. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांना हलक्या टेहळणी गाडीसाठीं आवाहन केलें. चारहि चाकांना गति हवी, ६०० पौंडांचें ओझें तिनें वाहिलें पाहिजे, पहिला नमुना ४९ दिवसांत तयार व्हावा. आणि सर्वांत विलक्षण अट अशी कीं रिकाम्या गाडीचें वजन १,३०० पौंडांहून अधिक असूं नये! केवळ दोन कंपन्यांनीं उत्तर दिलें. त्यांपैकीं पेन्सिल्व्हेनियांतील बटलर येथील लहानशा बँटम कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याला पाचारण केलें. त्यानें थोड्याच दिवसांत आराखडा काढला. वेळ इतका थोडा होता कीं नवीन आंस घडविणें अशक्य होतें. म्हणून स्पायसर कंपनीचे, स्टुडबेकर चँपियन ह्या साध्या मोटारीच्या आंसांवर आधारलेले आंस कामीं लावण्यांत आले. २३ सप्टेंबर १९४० रोजीं मुदत संपण्यास अर्धा तास उरला असतां ती गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या छावणींत दाखल झाली.

वजनाची अट मात्र कोणासहि पाळतां आली नाहीं. बँटमची गाडी १,८०० पौंडांच्या वर गेली होती. ओहायोंतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीची तर त्याहूनहि जड होती, कारण तिचें इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें. सैन्यानें मर्यादा वाढवून २,१६० पौंडांवर नेली, तेव्हां विलीजचा मुख्य अभियंता डेल्मर रूस याच्यापुढें दोन मार्ग होते. दुबळें इंजिन घ्यावें, किंवा तेंच इंजिन ठेवून बाकीच्या सबंध गाडींतून वजन काढावें. त्यानें दुसरा मार्ग पत्करला. गाडीचा प्रत्येक भाग सोडवून तपासण्यांत आला. बोल्टची जादा लांबीसुद्धां कापण्यांत आली. जीपचे सर्व अवयव असे एका तागडींत तोलून बसविलेले आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. युद्धकाळांत विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपा बांधल्या.

ह्या युद्धकालीन जीपची रचना पाहिली म्हणजे तिच्या कर्त्यांचा तोल समजतो. पुढचा आणि मागचा असे दोन्ही आंस स्पायसरचे. दोहोंचें प्रमाण ४.८८ला १. याचा अर्थ असा कीं इंजिनाकडून येणारा दांडा ४.८८ फेरे करी तेव्हां चाकाचा एक फेरा होई. पुढच्या चाकांच्या सांध्यांचा तुटवडा इतका होता कीं चार निरनिराळ्या जातींचे सांधे वापरावे लागले. मागच्या आंसाची धाटणी 'पूर्ण तरंगती' म्हणून ओळखली जाते. तिच्यांत गाडीचें वजन आंसाच्या बाहेरच्या पोलादी नळीवर येतें. चाकाचा तुंबा त्या नळीच्या टोकावर दोन बेअरिंगांच्या आधारानें फिरतो, आणि आंतल्या दांड्याकडे केवळ चाक फिरविण्याचें काम राहतें. तो दांडा तुटला तरी चाक जाग्यावर राहतें. तुटलेला भाग काढून टाकून पुढच्या चाकांच्या गतीवर गाडी घरीं आणतां येते. रणांगणासाठीं ही दूरदृष्टि आवश्यकच होती.

ब्रेक तेलाच्या दाबाचे, चारहि चाकांवर ९ इंच व्यासाच्या ड्रमचे. सर्व चाकांना तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच, आणि त्याची नळीहि एकच. हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागें, मागील आंसाकडे जाणाऱ्या दांड्यावर होता. स्टिअरिंग रॉस जातीचें. त्यांत एका मळसूत्री खांचेंत दोन खुंट्या सरकतात आणि तरफ हालते. ती तरफ एका कोनाकृति तुकड्याला ढकलते, आणि तेथून दोन दांडे दोन चाकांकडे जातात. पुढच्या डाव्या पाट्याला एक जादा आंखूड पाटा जोडलेला असे. ब्रेक लावतांना आंसाला बसणारा पीळ सांवरणें हें त्याचें काम. म्हणजे आंस, ब्रेक आणि स्टिअरिंग हीं तीन खातीं वेगळीं नाहींत, एकाचा दोष दुसऱ्यांत उमटतो, हें जीपच्या कर्त्यांना प्रारंभींच कळून चुकलें होतें. ह्या सर्व रचनेचें गृहीत कृत्य एकच : सुमारें २,४५० पौंडांची गाडी, ६० अश्वशक्ति, अरुंद टायर, आणि बहुतेक वेळ खडबडीत भूमीवरील मंद चाल. त्या कामाला नऊ इंचांचे ब्रेक पुरेसे होते.

युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीजनें शेतकऱ्यांसाठीं सीजे-२ए ही जीप विक्रीस काढली. नांगर ओढण्याच्या कामासाठीं आंसांचें प्रमाण वाढवून ५.३८ला १ करण्यांत आलें. थोड्याच काळांत मागचा आंसहि बदलला. नवा आंस वजनदार होता, परंतु त्याची धाटणी 'अर्ध तरंगती' होती. तिच्यांत आंतला दांडा चाक फिरवितो आणि गाडीचें वजनहि पेलतो. दांड्याचें टोंक निमुळतें. त्यावर तुंबा बसवावयाचा, मध्यें एक चौकोनी चावी घालावयाची आणि वरून नट आवळावयाचा. ही रीति त्या काळच्या असंख्य मोटारींत होती आणि शेताच्या कामाला ती चाललीहि. पण तिच्यांत एक गुप्त भय होतें.

नट सैल राहिला, चावी झिजली आणि उतारावर दांडा बाहेरच्या टोंकाशीं तुटला, अशी कल्पना करावी. चाक आणि त्याबरोबर ब्रेकचा ड्रम निखळून बाहेर जातो. ड्रम गेला म्हणजे ब्रेकच्या शूंना अडविणारें कांहीं उरत नाहीं. चालक पाय दाबतो तेव्हां त्या चाकाच्या सिलिंडरमधील पिस्टन बाहेर पडतात आणि तेल वाहून जातें. नळी एकच असल्यामुळें उरलेल्या तीन चाकांचेहि ब्रेक त्या क्षणीं नाहींसे होतात. चालक हातब्रेक ओढतो. पण हातब्रेक मधल्या दांड्यावर आहे, आणि डिफरन्शियल तुटलेल्या बाजूला मोकळें फिरूं देतें, म्हणून दुसरें मागचें चाकहि आवरलें जात नाहीं. पुढच्या आंसाला गति जोडलेली असेल तरच हातब्रेकाचा कांहीं जोर पुढच्या चाकांपर्यंत पोंचेल. एका झिजलेल्या चावीमुळें पायाचा आणि हाताचा असे दोन्ही लगाम तुटतात! आंसाची सुधारणा ही वस्तुतः ब्रेकचीहि सुधारणा कशी असते, हें ह्याहून स्पष्ट करणारें उदाहरण मिळणें कठीण.

पुढील काळांत जीपचें बळ वाढत गेलें. १९५३ च्या सीजे-३बी मध्यें नवें, उंच इंजिन आलें. त्याच्यासाठीं गाडीचें नाकहि उंच करावें लागलें. १९६५ मध्यें सीजे-५ जातीच्या गाडींत १६० अश्वशक्तीचें सहा सिलिंडरचें इंजिन मिळूं लागलें. युद्धकालीन बळाच्या अडीच पटींहून हें अधिक झालें. ब्रेक त्या मानानें हळूहळू मोठे होत होते. अमेरिकेंत १९६८ पासून प्रवासी मोटारींना दुहेरी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. एक नळी फुटली तरी दुसऱ्या नळीवर निदान दोन चाकें आवरलीं जावींत, हा तिचा हेतु.

त्यानंतर १९७२ साल आलें, आणि ह्या इतिहासांतील अत्यंत बोधप्रद घटना घडली. तेव्हां जीपचा कारखाना अमेरिकन मोटर्स कंपनीच्या हातीं होता. तिनें सीजे-५ साठीं आठ सिलिंडरचें, सुमारें पांच लिटरचें इंजिन देऊं केलें. परंतु नुसतें इंजिन बसवून ती थांबली नाहीं. पुढचा आंस बदलून अधिक मजबूत डेना ३० जातीचा घेतला. ड्रम ११ इंचांचे केले. रॉसचें स्टिअरिंग काढून फिरत्या गोळ्यांवर चालणारें सॅगिनॉचें घेतलें. आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारें तीन इंचांनीं वाढविलें. १९७७ मध्यें पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकहि मिळूं लागले. ज्या कारखान्यानें ही गाडी तीस वर्षें बांधली, त्यानें बळ वाढवितांना आंस, ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच वर्षीं बदललें. आजच्या हौशी मालकाला ह्याहून चांगला गुरु मिळणार नाहीं.

ह्या गुरूच्या मार्गानें जावयाचें तर क्रम कोणता? पहिला क्रम मोजणीचा. जुन्या जीपच्या टायरचा व्यास सुमारें २८ इंच होता. त्याच्या जागीं ३३ इंचांचे टायर बसविले तर तीच गाडी तितक्याच अंतरांत थांबविण्यासाठीं ब्रेकांना सुमारें अठरा टक्के अधिक पीळ सोसावा लागतो, कारण रस्त्याची पकड आतां लांब तरफेच्या टोंकावर बसलेली असते. टायरचें वाढलेलें वजन त्यांत धरलेलेंच नाहीं. वेगाचा हिशेब तर त्याहून कठोर आहे. ताशीं ३० मैलांच्या ऐवजीं ६० मैलांनीं धांवणाऱ्या गाडीला थांबवितांना दुप्पट नव्हे, चौपट शक्ति उष्णतेंत जिरवावी लागते. नऊ इंचांच्या ड्रमला एवढी उष्णता साहत नाहीं. लांब उतारावर तो तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड मंदावते, आणि पाय दाबूनहि गाडी पुढेंच जाते.

म्हणून जाणते लोक इंजिनाला हात लावण्यापूर्वीं ब्रेक हातीं घेतात. त्यांत दोन मार्ग आहेत. पहिला, त्याच घराण्यांतील पुढच्या गाड्यांचे ११ इंचांचे ड्रम बसविण्याचा. यांत गाडीचें रूप फारसें बदलत नाहीं. दुसरा, डिस्क ब्रेकचा. डिस्क उघडी असल्यामुळें लवकर निवते, आणि ओढ्यांतून बाहेर पडल्यावर भिजलेल्या ड्रमपेक्षां लवकर कोरडी होते. परंतु ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक आवळतो, तसें डिस्कचें होत नाहीं. तिला तेलाचा दाब अधिक लागतो. म्हणून मास्टर सिलिंडरचें माप, पुढच्या आणि मागच्या चाकांतील दाबाची वाटणी आणि नळींत राखून ठेवावयाचा अल्पसा दाब हीं तिन्ही नव्यानें जुळवावीं लागतात. हें न करतां डिस्क बसविली तर मागचीं चाकें आधीं अडकून गाडी आडवी फिरण्याचा संभव असतो. मार्ग कोणताहि असो, दुहेरी मास्टर सिलिंडर ही पहिली खरेदी असावी. जुन्या लायनरमध्यें अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुंकून उडविणें फुप्फुसांना घातक आहे, ती ओल्या फडक्यानेंच टिपावी.

दुसरा क्रम आंसाचा. निमुळत्या टोंकाचा दुतुकडी दांडा काढून एकसंध दांडा घालणें, किंवा 'पूर्ण तरंगत्या' धाटणीचे तुंबे बसविणें, हे रूढ उपाय आहेत. यांतील दुसरा उपाय नवा म्हणून विकला जातो. वस्तुतः तो १९४१ च्या जीपकडे परत जाण्याचाच मार्ग आहे. काटकसरीच्या काळांत जें सोडून दिलें, तें अनुभवानें पुन्हां स्वीकारलें जात आहे. येथेंहि एक नियम कधीं मोडतां येत नाहीं : पुढच्या आणि मागच्या आंसांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. मागें ४.८८चा आणि पुढें ५.३८चा आंस बसवून चारहि चाकांना गति जोडली, तर दोन्ही आंस एकमेकांशीं झगडूं लागतात, आणि त्या झगड्यांत सर्वांत दुबळा भाग बळी पडतो.

तिसरा क्रम स्टिअरिंगचा. जुन्या जीपचें चक्र चार बोटें फिरलें तरी चाक हालत नाहीं, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते, आणि मालक तत्काळ स्टिअरिंगची पेटी बदलावयास निघतो. पुष्कळदां दोष पेटींत नसतोच. मधल्या कोनाकृति तुकड्याची खुंटी, दांड्यांच्या टोंकांचे गोळे, किंगपिनांचीं बेअरिंगें, ह्या प्रत्येकांत थोडी थोडी झीज होऊन तिची बेरीज चालकाच्या हातांत येते. हीच झीज वेगांत पुढच्या चाकांना थरथर कांपवूं लागते. आंसाचा मागें झुकणारा अल्पसा कोन बिघडला असेल, किंवा पाटे उंच करतांना तो पालटला असेल, तर वळल्यानंतर चाकें सरळ येण्याचा आपला स्वभावच विसरतात. तो कोन आणि ती झीज आधीं दुरुस्त करावी. मग पेटीचा विचार करावा. नवी, बलवान पेटी बसविली तर तिचा सारा जोर ज्या जागीं येतो तेथील सांगाडा भक्कम करणें अवश्य असतें, कारण १९४१ चा पातळ पोलादी सांगाडा त्या जोरासाठीं घडविलेला नव्हता आणि तो पेटीभोंवतीं चिरतो.

महाराष्ट्राचा ह्या गाडीशीं संबंध केवळ हौसेचा नाहीं. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं 'महिंद्र आणि महंमद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्यें कंपनीचें नांव 'महिंद्र आणि महिंद्र' असें झालें. परदेशांतून सुट्या भागांच्या रूपानें आलेल्या विलीज जीपा माझगांव येथें जोडल्या जाऊं लागल्या. पुढें उंच नाकाची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची सीजे-३बी येथेंच तयार होऊं लागली. तिचें मूळ घर असलेल्या अमेरिकेंत ती कधींच बंद झाली. भारतांत तिची परंपरा कित्येक दशकें चालली. सरकारी दौरे, धरणांचीं कामें, वनखातें, खेड्यापाड्यांतील प्रवासी वाहतूक, ह्या सर्वांचें ओझें तिनें वाहिलें. पुढें पेट्रोलच्या जागीं डिझेल इंजिन आलें. तें वजनानें जड, आणि त्याचा सारा भार पुढच्या आंसावर. आज ह्या जुन्या गाड्या घाटवाटांवर दिसतात तेव्हां त्यांच्या बॉनेटखालीं काय आहे यापेक्षां त्यांच्या ड्रमांत काय आहे, हें विचारणें अधिक अगत्याचें आहे.

येथें कायद्याचाहि प्रश्न येतो. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील विसंगत होईल, असा बदल मालकानें करूं नये. शिवाय २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम झाले. त्यासाठीं वाहन मूळ रूपांत असावें, त्याच्या सांगाड्यांत, कायेंत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, शर्यत-मेळावा किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते. तेव्हां मालकानें आधीं आपल्या मनाशीं ठरविलें पाहिजे : ही गाडी इतिहासाची ठेव म्हणून राखावयाची, कीं घाट चढण्याउतरण्यासाठीं वापरावयाची? ठेव म्हणून राखावयाची तर नऊ इंचांचे ब्रेक निर्दोष ठेवून त्यांच्या मगदुराप्रमाणें सावकाश चालवावी. त्यांतहि अप्रतिष्ठा नाहीं. वापरावयाची तर परिवहन कार्यालयाची संमति आधीं घ्यावी, आणि मग ब्रेक, आंस व स्टिअरिंग ह्या तिघांना एकाच मापानें वाढवावें. दोहोंच्या मधली वाट, म्हणजे नवें बळ आणि जुने लगाम, ही मात्र कोणत्याहि दृष्टीनें समर्थनीय नाहीं. तिच्यांत इतिहासहि जात नाहीं आणि जीवहि वांचत नाहीं.

१९४० सालीं सैन्यानें घातलेली १,३०० पौंडांची अट अशक्य ठरली, तरी ती निरर्थक गेली नाहीं. तिनें अभियंत्यांना प्रत्येक भागाचें वजन आणि कार्य एकमेकांशीं ताडून पाहावयास लाविलें, आणि त्या ताडण्यांतूनच ही चिवट गाडी जन्माला आली. तिच्या आजच्या मालकानें तेवढी शिस्त जरी पाळली तरी पुरे आहे. घाटाच्या तोंडाशीं थांबून खीळ हालवून पाहणारा तो गाडीवान ह्याहून निराळें कांहीं करीत नव्हता. उतरण्याची तयारी झाल्यावांचून तो बैल पुढें घालीत नसे, आणि म्हणूनच त्याची गाडी संध्याकाळीं दारांत येऊन उभी राहत असे.